पन्नाशीनंतर गोळ्या कमी झाल्या का? कशा झाल्या? (की नाहीच झाल्या?) अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. परवा नाशिकला भाचीच्या साखरपुड्याला निघाले आणि कसारा आल्यावर आठवलं की गोळ्यांची डबी घरी फ्रीजवरच राहिली. सोमवार ते रविवार सात कप्प्यांची ती प्लास्टिकची डबी असते ना, लेकीने आणून दिलेली, तीच. नाशिकला उतरून मेडिकलमध्ये मोबाइलमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवला आणि त्यातल्या दोनच मागितल्या, तर दुकानदार म्हणतो बाकीच्या नकोत का काकू? फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा एका कप्प्यात पाच गोळ्या कोंबायचे, झाकण लागायचं नाही. आता दोनच असतात. (थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची म्हणून वेगळी, ती उशाशी.)

माझं वय ५८, ठाणे. साखरेची मेटफॉर्मिन दोन वेळा, बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि ॲसिडिटीची असं होतं. डाएटिशियनने आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी जेवते कमी आणि ‘संपवते’ जास्त. पातेल्याला लागलेला भात, नवऱ्याने ठेवलेली अर्धी पोळी, लेकीने दोन घास खाऊन सोडलेला उपमा, फेकवत नाही म्हणून सगळं माझ्या पोटात! ते बंद केलं, म्हणजे आधी स्वयंपाकच कमी मापाचा करायला लागले. दोन्ही जेवणांनंतर सोसायटीतच पंधरा मिनिटं चक्कर. १४ महिन्यांत ७४ ची ६६ किलो झाले. ॲसिडिटीची आधी सुटली, मग डॉक्टरांनी मेटफॉर्मिन एक केली, मग बंद, आता एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलंय. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची तशाच आहेत. आईला साठीत हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या गोळीला हात लावू नका असं स्पष्ट सांगितलंय.

तर लिहा. स्वतःचंच लिहा, शेजारच्यांच्या मेव्हण्याचं नको. काढ्यांचे फॉरवर्ड तर अजिबात नकोत. फसलं असेल तर तेही लिहा.

———

वय ६१, चिंचवड. ४९ व्या वर्षी कंपनीच्या तपासणीत जेवणानंतरची साखर २४० निघाली. एक गोळी, मग दोन, मग ग्लिमेपिराइड जोडली, तरी एचबीएवनसी ८.४ च्या खाली येईना. मी काय करत होतो तर साखर सोडून गुळाचा चहा, दिवसाला सहा कप, आणि वर चारचौघांत सांगायचो की मी साखर सोडली.

व्हीआरएस घेतल्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकलं, ते कै. डॉ. श्रीकांत जिचकारांचं जे आहे, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, तर उत्साहात दुसऱ्या दिवसापासून सुरूच केलं. डॉक्टरांना विचारलं नाही, ही माझी चूक, व्याख्यानाची नाही. सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे घेतली आणि नाश्ता मात्र केला नाही. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास बँकेच्या रांगेत उभा होतो, एकदम दरदरून घाम, हात थरथरायला लागले, स्लिपवरचे आकडे दिसेनात. मागच्या बाईंनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून दिला म्हणून बरं. घरी येऊन अर्ध्या तासाने मोजली तरी ७२ होती, म्हणजे रांगेत किती असेल देव जाणे.

डॉक्टर जाम ओरडले. म्हणाले ही गोळी तुम्ही जेवा न जेवा साखर पाडते, खाणं बदलायचं तर आधी गोळी बदलावी लागते. मग ग्लिमेपिराइड अर्धी आणि पंधरा दिवसांनी बंद, आणि मला रोज चार वेळा ग्लुकोमीटरवर मोजून वहीत लिहायला लावलं. नऊ महिन्यांत ८२ किलोवरून ७१, एचबीएवनसी ६.४, मेटफॉर्मिन तेवढी दोन वेळा आहे. मी म्हटलं म्हणजे मी बरा झालो का, तर म्हणाले नाही, सगळ्या गोळ्या बंद करून तीन महिने साडेसहाच्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात, आणि ते पण टिकवावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१७ साली डायरेक्ट नावाच्या अभ्यासात ४६ टक्के लोकांना वर्षभरात ते जमलं होतं म्हणे, पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि माझा बारा वर्षांचा. आधी गुळाच्या चहात वेळ घालवला नसता तर, असं वाटतं कधी कधी.

———

बाप्पा, माझी तर उलटी कथा आहे. वय ६३, नागपूर. माझ्या गोळ्या कमी झाल्या त्या तब्येत सुधारून नाही, नुसतं नीट बघितलं म्हणून.

बीपीसाठी अम्लोडिपिन होती. वर्षभराने घोटे सुजायला लागले, चपलेचा पट्टा रुतायचा. एका ठिकाणी दाखवलं तर पाणी काढायची गोळी दिली. ती घेऊन रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ओरडत उठायची मी. मग यूरिक ॲसिड वाढलं, अंगठा सुजला, त्याची वेगळी गोळी. गुडघे दुखायचे म्हणून पेनकिलर मी मनानेच घेऊन राहिली होती, आठवड्यातून चार-पाच तरी. आणि एवढं करून बीपी १६० च्या खाली नाही!

लेकाने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, घरात आहेत नाहीत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, अर्ध्या स्ट्रिप्सपण. मी भाजीची पिशवी घेऊन गेली. त्यांनी टेबलावर ओतल्या आणि पत्त्यासारख्या एकेक लावत बसल्या, ही कशासाठी, ही कधीपासून. मग म्हणाल्या, मावशी, सूज ह्या पहिल्या गोळीमुळे आहे, आणि दुसरी तिसरी त्या सुजेच्या मागे मागे आल्या. आणि पेनकिलरने बीपी वाढते हे कुणी सांगितलं नाही का? नव्हतं सांगितलं. आणि मी पण कुणाला सांगितलं नव्हतं की मी घेते, खरं बोलायचं तर.

अम्लोडिपिन बदलून दुसरी दिली, तीन आठवड्यांत सूज उतरली, मग पाण्याची बंद, यूरिक ॲसिडची पण दोन महिन्यांनी बंद. गुडघ्यांसाठी फिजिओकडे पाठवलं. तिथं रोज खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं, दहा वेळा, मग पंधरा. पहिल्या दिवशी तीन वेळा उठता आलं. आज वीस होतात, आणि पेनकिलर महिन्यातून एखादी, ती पण सांगून. फिरायला मी अजूनही जात नाही, नागपूरच्या उन्हात कोण जाईल.

———

माझी एकही गोळी कमी झालेली नाही. वय ५९, तीन वर्षं नियमित व्यायाम, वजन बरोबर, बाहेरचं खाणं नाही. आई-वडील दोघांना बीपी, दोन्ही आज्यांना होतं. डॉक्टर म्हणाले तुम्ही हे केलं नसतं तर दोनच्या चार झाल्या असत्या. पटलं, पण राग येतो तो येतोच. पर्वतीच्या पायऱ्या मात्र आता न थांबता चढतो.

———

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. वय ५५. दोन महिने फिरलो, चार किलो कमी झालं, घरी बीपी मोजलं तर १२२/७८. म्हटलं आता कशाला गोळी? बंद केली. बायकोला सांगितलं नाही, सकाळी तिच्यासमोर स्ट्रिपमधून काढायची आणि खिशात टाकायची. कारल्याचा रस मात्र तोंड वाकडं करत प्यायचो, त्याचा बीपीशी काय संबंध हे आज मलाही सांगता येणार नाही.

पाच आठवड्यांनी पुतण्याची मुंज. पंगतीत वाढता वाढता डोकं असं ठणकायला लागलं की श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं आणि तिथंच बसलो. कॅज्युअल्टीत २०४/११८. दोन दिवस ॲडमिट. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने शांतपणे विचारलं, काका, १२२ गोळी घेऊन होतं ना? घेऊनच होतं. म्हणजे ते गोळीचं १२२ होतं, माझं नव्हतं. आणि मुंज मोडल्याचं वहिनी अजून ऐकवते ते वेगळंच.

पुढे वर्षभराने डोस कमी झाला, खरोखर झाला, पण डॉक्टरांनी केला, आधी पाऊण गोळी मग अर्धी असं नाही तर सरळ कमी पॉवरची दिली आणि दोन आठवडे रोज मोजायला लावलं.

———

वरच्या दादांनी लिहिलंय त्यावरून, घरी बीपी मोजताना बघा जरा. मी आधी बाजारातून आलो की पिशव्या ठेवून लगेच पट्टा बांधायचो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीत टेबलावर, आणि मोजताना बोलायचं नाही. माझं उलटं व्हायचं, दवाखान्यात १५२ आणि घरी १२८. महिनाभर कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी रीडिंग लिहिली आणि ते पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं, तेव्हा त्यांनी दुसरी गोळी वाढवायची थांबवली. वय ६६, कोल्हापूर. तांबडा-पांढरा महिन्यातून एकदा, त्याबद्दल विचारू नये.

———

वय ६४, सावंतवाडी, निवृत्त शिक्षिका. मला सगळ्यांनी भात सोड म्हणून सांगितलं. आमच्याकडे भात सोडायचा म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांना कळायचं नाही. आठ दिवस चपात्या खाल्ल्या आणि नवव्या दिवशी उकड्या तांदळाची पेज करून रडत रडत प्यायले. मग भात सोडला नाही, वाटीने मोजून घेते, एकच, आणि कुळथाची पिठी, भाजी, मासे जास्त.

पण खरी चोरी मिठात होती. किराणा आणायला मीच जाते, तर लक्षात आलं की मिठाचं एक किलोचं पाकीट महिन्याला संपतं आणि घरात माणसं तीन. गणिताची बाई असून हा भागाकार कधी केला नव्हता, माणशी दिवसाला ११ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. त्यात खारवलेला बांगडा, लोणचं, पापड यांतलं मीठ धरलेलंच नाही. आता सुकी मासळी पावसाळ्यातच, लोणचं पानात वाढायचं नाही, हवं त्याने उठून घ्यायचं, आळसाने कुणी उठत नाही. पाकीट आता दोन महिने पुरतं. बीपीची टेल्मिसार्टन ८० ची ४० झाली. आमच्या ह्यांची आहे तेवढीच आहे कारण ते शेजाऱ्यांकडे जाऊन खातात.

———

न्यू जर्सीहून. वय ५६, बीपीच्या तीन गोळ्या, तरी वर. मी मनाला लावून घेऊन मीठ बंद, पळणं सुरू, काही होईना. दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या यायच्या त्या वेगळ्या. बायकोने एका रात्री माझं घोरणं रेकॉर्ड करून सकाळी चहाबरोबर ऐकवलं. घोरण्याचं काही वाटलं नाही, मधेच जी शांतता होती ना तिने घाम फुटला, वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास. स्लीप टेस्ट झाली, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत मधेमधे श्वास थांबणं. सीपॅपचा (हवा सोडणाऱ्या मशीनचा) मास्क लावून झोपतो, पहिला महिना भयंकर गेला, नातू मला हत्ती म्हणतो. चार महिन्यांनी तीनच्या दोन गोळ्या झाल्या. गळ्याचा घेर मोठा असेल आणि दिवसा झोप येत असेल तर हे एकदा बघून घ्या प्लीज, मी सहा वर्षं नुसत्या गोळ्या वाढवत होतो.

———

सोलापूर, वय ५२. ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल नऊ वर्षं. एकदम बंद केली तर आधीपेक्षा जास्त जळजळ, म्हटलं आता ही जन्माची. नंतर कळलं की फार दिवस घेऊन एकदम सोडली की ॲसिड उसळतंच. मग डॉक्टरांना विचारून दिवसाआड, मग तीन दिवसांनी एक असं करत दीड महिन्यात सोडली. रात्रीचं जेवण साडेसातला आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन विटा. मिस्टर झोपेत खाली सरकतात म्हणून कुरकुरतात. शेंगाचटणी सोडलेली नाही.

———

सगळं वाचलं, छान वाटलं. माझा एक प्रश्न आहे. मेटफॉर्मिन आठ वर्षं घेतली, त्यात बी१२ जीवनसत्त्व कमी झालं म्हणून त्याची गोळी लागली, आता मेटफॉर्मिन गेल्या महिन्यात बंद झाली तर बी१२ ची किती दिवस चालू राहिली तुमची? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे, तोवर कुणाचा अनुभव असेल तर लिहा. मी शाकाहारी आहे.