हातगाडी ओढणारी पोरं : युटा-वायोमिंगकडचे अनुभव

24 जुलै म्हणजे युटात सरकारी सुट्टी, पायोनियर डे. 1847 साली त्या दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पुढे 1856 ते 1860 मध्ये सुमारे तीन हजार मॉर्मन बैलगाडी परवडत नाही म्हणून हातगाड्या ओढत इथवर आले. त्याची आठवण म्हणून मॉर्मन चर्चची किशोरवयीन मुलं उन्हाळ्यात जुन्या वेशात हातगाड्या घेऊन चालायला जातात. शेजारच्या मुलांनाही बोलावतात, म्हणून आपल्या मराठी घरांतही विषय निघतो. मुलं गेली असतील, तुम्ही पाठवली नसतील, स्वतः गेला असाल, लिहा. धर्मावर वाद नको.

आई, सॉल्ट लेक सिटी

लेकीला मैत्रिणीकडून बोलावणं आलं तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न, "धर्मांतराचं काही नाही ना?" मी सरळ तिच्या मैत्रिणीच्या आईलाच विचारलं. ती म्हणाली, प्रार्थना होतील, रात्री शेकोटीपाशी श्रद्धेबद्दल बोलतील, तिला नको असेल तर नुसती बसू दे. पाठवली.

जीन्स चालत नाही. एका विरलेल्या सुती साडीचा घेरदार स्कर्ट शिवला, बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची जुनी टोपी, त्यांनीच दिलं. सामान रंगाच्या मोठ्या बादलीत भरायचं, तीच उलटी करून बसायला. मोबाइल जमा. खऱ्या प्रवाशांना माणशी 17 पौंड, म्हणजे आठ किलोही नाही, एवढंच सामान नेता येई, त्यात पांघरुणंही आली.

निघताना प्रत्येकाच्या गळ्यात एका जुन्या प्रवाशाचं नाव. हिच्या वाट्याला आली एलिझाबेथ झेवियर टेट, जन्म मुंबई! नवरा आधीच युटाला पोचलेला, ही मागून जेम्स विलींच्या हातगाड्यांच्या तांड्याबरोबर आली. नाव मुद्दाम दिलं हे उघड आहे, पण हरकत कसली? घरी आल्यावर पोरगी पायांचे फोड दाखवायच्या आधी एलिझाबेथबद्दलच बोलत होती.

सीडर सिटीहून

ती टेट मंडळी पुढे आमच्याच गावात राहिली. आम्ही इथे आलो तेव्हा वाटलं होतं, मुंबईहून एवढ्या आडबाजूला येणारे आपणच पहिले.

कॉलेजातला मुलगा, प्रोव्हो

आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’ करतात, एक जोडपं त्यांचं ‘मा’ आणि ‘पा’. आमचे पा एरवी दातांचे डॉक्टर. एका चढावर मुलग्यांना बाजूला उभं करतात, टोप्या काढायला लावतात आणि गाड्या फक्त मुली ओढतात. आमच्या गाडीचं चाक दगडाला अडलं. पुढच्या मुलीचे बूट मागे घसरत होते, मागच्या दोघी खांदा लावून लाल झालेल्या, आणि आम्ही हात लावायचा नाही. मला भयंकर राग आला. बहिणीला हाच भाग सगळ्यात आवडला. वर पोचल्यावर ती माझ्याकडे बघून अशी हसली की बोलायची सोय राहिली नाही.

न पाठवलेला बाप, डेन्व्हर

मला त्यागाच्या गोष्टीत घाईघाईने झाकलेला भाग खटकतो. 1856 मध्ये विली आणि मार्टिन यांचे तांडे फार उशिरा निघाले. गाड्या ओल्या लाकडाच्या, वाटेत तडकल्या. ऑगस्टमध्ये विलींच्याच तांड्यातल्या लेव्हाय सॅव्हेज यांनी स्पष्ट सांगितलं की थंडीत म्हातारी माणसं आणि लेकरं मरतील. त्यांचं कुणी ऐकलं नाही, तरी ते बरोबर गेले. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं, सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या गेल्या, तरी दोनशेहून अधिक माणसं दगावली. पोरांना सॅव्हेजही शिकवा. आणि ही वाट इथल्या मूळ रहिवाशांच्या, शोशोनी लोकांच्या, मुलखातून जात होती, तेही.

प्रोव्होचा मुलगा पुन्हा

काका, सॅव्हेजची गोष्ट आम्हाला सांगितली होती. शोशोनींबद्दल अवाक्षर नाही, हे मात्र खरं.

मावशी, कॅस्पर, वायोमिंग

भाची मार्टिन्स कोव्हला, म्हणजे मार्टिनचा तांडा बर्फात अडकला त्या जागी, चालायला आली होती, मी स्वयंपाकाच्या गाडीवर होते. भर उन्हाळ्यात दुपारी भाजून निघतं आणि पहाटे दात वाजतात. वारा तर विचारू नका. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर स्ट्यूमधले बटाटे वेचत बसाल. मी मेतकूट नेलं होतं, दोन अमेरिकन ‘पा’ लोकांनीच संपवलं. नवे बूट अजिबात घालून पाठवू नका, मोजे जास्तीचे द्या, आणि स्कर्ट घोट्याच्या वर ठेवा, चाकात अडकतो.