पालक मेळावा कधी घ्यावा आणि घरच्यांकडून नेमकं काय मागावं?

विद्यार्थी_विकास_बीड
आमचं महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला संलग्न आहे. पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलं-मुली घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. मेळावा दरवर्षी जानेवारीत होतो. हारतुरे, भाषणं, नाश्ता, की सगळे पांगतात. तारीख कोणती धरावी? त्या दोन तासांत काय करावं? ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय? आणि हजेरी घसरली की घरी फोन लावावा का, यावर आमच्या स्टाफमध्ये दोन तट आहेत.

हंगाम_पाहून
जानेवारी आधी सोडा. कोयता घेऊन निघालेली घरं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, अंगावर असते, त्यामुळे मेळाव्यासाठी मधेच येणं होत नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, मार्चच्या आसपास, गाव मोकळंच. त्यात १४ जानेवारीला नामविस्तार दिन, विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव मिळाल्याचा दिवस; त्या दिवशी गावोगावची माणसं विद्यापीठ गेटकडे निघालेली असतात.

सप्टेंबरअखेर ते दिवाळी सोयाबीनची काढणी, तेव्हा शेजारीसुद्धा फोन उचलत नाही. एप्रिल-मे लग्नसराई आणि परीक्षा. उरतो तो ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. खुरपणी-फवारणी उरकलेली असते, शेंगा भरायच्या असतात. त्यातून पोळा आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस वगळा.

रविवारच हवा असा हट्ट नको. तालुक्याचा आठवडी बाजार ज्या वारी असतो तोच वार धरा. मजुराची सुट्टी त्या दिवशी, आणि माणूस तसंही गावात येणारच. ११ ला सुरू, १ ला बंद. पुढं बाजार करून परतीची एसटी गाठायची असते.

पत्र पाठवू नका, ते लेकराच्या बॅगेतच राहतं. मुलानं स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप व्हॉट्सॲपवर घरी टाकावा: कुठं यायचं, किती वाजता, कोणते कागद आणायचे. आई, आजी, चुलता, कुणीही चालेल हेही त्यात सांगा. नाहीतर "बापालाच बोलावलंय" असं धरून आई घरी बसते.

सेतू_खिडकी
स्टेज काढून टाका, चार टेबलं मांडा. घरच्यांशिवाय अडतं ते मुख्यतः कागदांत, आणि ते दसऱ्याच्या आत उरकले नाहीत तर पुढचे चार-पाच महिने सही करायला घरी माणूस नसतो.

पहिलं टेबल आधारचं. मुलाच्या आधारला बहुतेक वेळा वडिलांचा नंबर जोडलेला असतो. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरताना ओटीपी त्या नंबरवर जातो. फोन फडावर, रेंज नाही, आणि इकडे ओटीपीची मुदत संपते. आधार केंद्रावर मुलानं स्वतः जाऊन आपला नंबर लावून घ्यावा, वडील सोबत लागत नाहीत.

दुसरं बँकेचं. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला जे खातं शेवटी जोडलं त्यात जाते. शहरात नवीन खातं उघडलेलं असतं, पैसे मात्र गावाकडच्या जनधन खात्यात पडून. "पैसेच आले नाहीत" ही तक्रार आली की आधी हेच तपासा.

तिसरं उत्पन्नाच्या दाखल्याचं. अर्ज वडिलांच्या किंवा आईच्या नावानं सेतू केंद्रात (सरकारी दाखल्यांच्या खिडकीत) जातो, तलाठ्याचा अहवाल लागतो, सही तहसीलची. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून गेल्या वर्षीचा घेऊन आलेल्याला तिथूनच परत पाठवा. ओबीसीसाठी नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) लागणार असेल तर तीन वर्षांचं उत्पन्न एकाच फेरीत काढायला सांगा.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट नीट फोड करून सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. खोलीभाडं आणि मेस त्यात नाही. "सगळं फुकट" असं ऐकून आलेली घरं इथंच गडबडतात.

आणि शिक्षण चालू असताना लग्न झालंच, तर पदवी हाती येईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नये. गुणपत्रिका एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचं, की अर्ज अडकला.

वसतिगृह_नियम
चौथं टेबल रॅगिंगविरोधी हमीपत्राचं ठेवा. हे दर शैक्षणिक वर्षी भरायचं असतं, एकदाच नव्हे, आणि विद्यार्थ्याचं वेगळं, पालकाचं वेगळं. आता ऑनलाइन भरता येतं, पण पालकाच्या जागी मूलच टिचक्या मारतं. निदान त्या दिवशी तरी आईवडिलांना वाचून दाखवा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास; फोन पालकही लावू शकतात.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांत रॅगिंगविरोधी समितीवर पालक प्रतिनिधी असायलाच हवा, हे बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहतं. गावातल्याच एखाद्या वकिलाचं नाव घालून मोकळे होऊ नका. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा पालक घ्या, शक्यतो आई, आणि बैठकीच्या दिवशी एसटीचं भाडं द्या. याच नियमांप्रमाणे पहिलं वर्ष संपताना संस्थाप्रमुखानं पालकांना पत्र पाठवायचं असतं. त्यातच पुढच्या मेळाव्याची तारीख कळवता येईल.

स्थानिक पालक म्हणून लांबच्या नातेवाइकाचं नाव नुसतं भरलेलं असतं. त्या माणसाला तिथंच, मुलासमोर, फोन लावून विचारा: रात्री दोनला दवाखान्यात याल का? नाही म्हणाला तर दुसरं नाव घ्या.

विद्यार्थी_विकास_बीड
टेबलांचं पटलं. फोनचा मुद्दा राहिला.

मेंटॉर_डायरी
माझं मत स्पष्ट आहे, हजेरीसाठी पहिला फोन घरी नको. काही घरांत कॉलेजातून फोन आला याचा अर्थ "पोरगी वाया चालली", आणि महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात. ७५ टक्के हजेरीची अट सगळ्यांना सांगा, चौथ्या आठवड्यात यादी काढा, विद्यार्थ्याला बसवून कारण विचारा. कधी सकाळची एसटीच वेळेवर नसते, कधी कमवा व शिका योजनेतल्या कामाची पाळी तासाच्या वेळेत येते. ही कारणं घरी सांगून काय उपयोग?

प्रवेश फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा: "अडचणीच्या वेळी घरातल्या कुणाशी बोलावं?" ती विद्यार्थ्यानंच भरावी. मामा, मोठी बहीण, आई, जे असेल ते. दुसऱ्या महिन्यातही फरक पडला नाही तर त्याच व्यक्तीला फोन, आणि आधी विद्यार्थ्याला सांगून.

याला अपवाद आहेत. वसतिगृहातून न सांगता गायब, दवाखान्यात भरती, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. यात वाट पाहायची नाही, घरी लगेच कळवा. रात्री-अपरात्री बोलायला समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर खोलीखोलीत चिकटवून ठेवा.

हंगाम_पाहून
अर्धंच पटलं. फीसाठी उचल घेतलेल्या बापाला दोन महिने काहीच कळू नये हेही बरं नाही. पण ती फॉर्ममधली ओळ घ्याच.

लातूर_उदगीर
घरच्यांना नुसतं सह्यांपुरतं बोलावू नका. आमच्याकडं वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, घरोघरी भज्जी-आंबील घेऊन शेतात जातात आणि ओळखीपाळखीचे सगळे बोलावतात. वसतिगृहातल्या बाहेरच्या जिल्ह्याच्या मुलांनाही घरच्यांनी बोलवावं, असं मेळाव्यातच सांगून ठेवा. त्या दिवशी चाचणी परीक्षा लावू नका. रजेचा अर्ज दोन दिवस आधी रेक्टरकडे, कुणाच्या शेतात जाणार त्या घराचा नंबर त्यावर, आणि मेसला आदल्या संध्याकाळी आकडा. नाहीतर पन्नास ताटं वाया जातात.