मदत हवी आहे : मुख्य प्रशिक्षकाने ताण कसा सांभाळावा?

नमस्कार. साताऱ्यातील एका शाळेच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाचा मी मुख्य प्रशिक्षक असून सध्या सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यांची तयारी सुरू आहे. सरावाचे काम मला जड जात नाही. परंतु राखीव खेळाडूंच्या पालकांचे रात्री उशिरापर्यंत येणारे फोन, केवळ निकालावर नेमणूक जोखणारे व्यवस्थापन आणि जेवतानाही डोक्यात फिरणारी बचावफळी यांमुळे झोप उडाली आहे, आणि पत्नीची तक्रार मला रास्तच वाटते.

ऑक्टोबर २००१ मध्ये लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक जेरार्ड हुलिए यांना सामन्याच्या मध्यंतरात त्रास होऊन तातडीची हृदयशस्त्रक्रिया करावी लागली, तर त्याच क्लबच्या युर्गन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्ये आपली ऊर्जा संपत चालल्याचे सांगून पद सोडण्याचे जाहीर केले. त्यांच्या हाताशी साहाय्यकांचा ताफा तरी होता. येथे गोलरक्षकाचा सराव मीच घेतो आणि चेंडूत हवाही मीच भरतो.

पालकांशी बोलण्याची ठरावीक वेळ आखून देणे, त्यावरून पालकांचा राग मुलांवर न निघता, आपल्यापैकी कोणाला जमले आहे का? तसेच सातारा-कराड परिसरात प्रशिक्षकांनाही मार्गदर्शन करणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ माहितीत असल्यास कृपया कळवावे.