अनुभव धागा: स्विंडन, रेल्वेने वसवलेलं गाव

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ब्रिस्टलकडे निघालं की साधारण तासाभरात स्विंडन येतं. बहुतेक लोक तिथे न उतरता थेट बाथ गाठतात. ज्यांना हे गाव नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहा. नुसतं 'छान आहे, जाऊन या' नको. काय बघायचं, का बघायचं, ते हवं.

* * *

आधी 'इथेच का?' हे कळलं की बाकीचं सोपं जातं. लंडन ते स्विंडन रूळ जवळजवळ सपाट. पुढे वूटन बॅसेट आणि बॉक्स बोगदा, दोन्हीकडे १०० फुटांना १ फूट चढ-उतार. म्हणजे इंजिन बदलायला हीच जागा. शिवाय चेल्टनमचा फाटा इथूनच फुटणार होता आणि कालवा शेजारीच होता. १८४० साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांचा प्रमुख डॅनियल गूच याने रेल्वेचा मुख्य अभियंता ब्रुनेल याला हीच जागा सुचवली. रेल्वेचा इंजिन कारखाना १८४३ ला सुरू झाला, १९८६ ला बंद पडला. भरात असताना चौदा हजारांवर माणसं कामाला होती.

* * *

रेल्वे व्हिलेजमधल्या, म्हणजे कारखान्याच्या कामगारांच्या वस्तीतल्या, गल्ल्यांच्या पाट्या वाचत फिरा. पश्चिमेच्या गल्ल्यांना ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन. लंडनच्या अंगाला ऑक्सफर्ड, रीडिंग. गाडी जिकडे जाते तिकडची नावं! बाथ स्ट्रीट शोधू नका, तिचं आता बाथॅम्प्टन स्ट्रीट झालंय.

* * *

त्या घरांच्या भिंती जवळून बघा. कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी बाथ स्टोनच्या, म्हणजे मऊ चुनखडीच्या. अशा दगडाच्या सांध्यांत कुणी सिमेंट भरलं की घोटाळा होतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग ती दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात, थंडीत ओल गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत आणि दगड आत गेलेला दिसला की समजावं, सिमेंट.

दुरुस्ती चुन्यानेच. साधारण १ भाग चुना, अडीच ते तीन भाग जाड-बारीक मिश्र वाळू. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल, हातोडी-छिन्नीने उकरायचा (ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात), धूळ काढायची, पाणी मारायचं, मग भरायचं. वर ओलं गोणपाट काही दिवस. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर कामाला हातच लावू नये. घरं संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे आधी परवानगी.

* * *

घरं बांधायला रेल्वेकडे पैसे नव्हते. रिग्बी नावाच्या कंत्राटदारांनी ती स्वखर्चाने बांधली आणि बदल्यात स्टेशनवरच्या उपाहारगृहाचा ९९ वर्षांचा करार घेतला, त्यात प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबवायची अट. ती अट सोडवायला १८९५ साली रेल्वेला एक लाख पौंड मोजावे लागले. महागात पडलेला चहा!

* * *

एम्लिन स्क्वेअरमधली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन (१८५५) बाहेरूनच बघायची. वाचनालय, नाट्यगृह, सगळं कामगारांसाठी. कारखाना बंद झाला त्याच वर्षी तीही बंद पडली, आणि रिकामी इमारत छतापासून सडते, तसंच झालं. १८४७ पासून पगारातून वर्गणी कापून चालणारी औषधोपचाराची सोयही याच वस्तीतली. त्याच निधीचे मिल्टन रोडवरचे स्नानगृह १८९२ चे.

* * *

स्टीम या रेल्वे संग्रहालयात 'कॅरफिली कॅसल' (१९२३) इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरा. चार सिलिंडर असूनही झडपांची यंत्रणा बाहेर का दिसत नाही, हे खालून कळतं: दोन्ही संच चाकांच्या आत आहेत, बाहेरच्या झडपा आडव्या तरफांनी हलतात.

* * *

वरचं सगळं पायीच होतं. व्हिलेजमधून संग्रहालयाकडे जायला मुख्य रस्त्याचा वळसा घेऊ नका. रुळांखालून कामगारांचा जुना भुयारी रस्ता आहे, त्यातून थेट कारखान्याच्या आवारात निघता येतं.