धागा: स्क्रीनकडे बघता बघता... तुमचे अनुभव लिहा

मागच्या पावसाळ्यात आंबोली घाट उतरत होते. गाडी महिन्याभराची. काच आतून धुरकटली. जुन्या गाडीत हात आपसूक खटक्यावर जायचा. इथे आधी एसीचं पान उघडा, मग काचेचं चित्र शोधा. त्यात फोन जोडल्याचा निरोप मधेच उगवला. तो सारून वर बघितलं, तर उजवं चाक मधल्या पट्ट्यापलीकडे. समोरून एसटी नव्हती म्हणून हे लिहितेय. तुमचंही येऊ द्या, चूक आपली असली तरी.

हिशोबी: १०० च्या वेगाला सेकंदाला २८ मीटर जातात. स्वीडनच्या 'वी बिलागारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० ला चाचणी घेतली. बटणांच्या २००५ च्या व्होल्वोत चार कामं १० सेकंदांत उरकली, सगळ्यात मागे राहिलेल्या स्क्रीनवाल्या गाडीत ४४.६! मी मुलाच्या हाती स्टॉपवॉच दिलं. नुसता पंखा कमी करायला ७ सेकंद, तेही पार्किंगमध्ये.

श्टुटगार्टकर: इथे जर्मनीत २०१९ मध्ये एकजण भर पावसात टेस्लाचा वायपर स्क्रीनवरून बदलायला गेला, गाडी रस्ता सोडून झाडांत. कार्ल्सरुहच्या कोर्टाने २०२० मध्ये शिक्षा कायम केली: २०० युरो आणि महिनाभर गाडी बंद. मी हल्ली ढग दिसले की निघण्याआधीच वायपर लावतो.

शेजारची_सीट: आमची स्क्रीन म्हणजे 'हे'. गाणं हेच बदलतात, एसी हेच, आणि वर मलाच "पुढे बघ"!

नाशिक_टुरिस्ट: गाडीची स्क्रीन परवडली हो. काचेखाली दोन मोबाईल, एकावर नकाशा, दुसऱ्यावर भाडं. भाडं वाजलं की काही सेकंदांत दाबायचं, नाहीतर दुसऱ्याला गेलं. द्वारका सर्कलला मागून हॉर्न ऐकत दाबलेलं आहे. गिऱ्हाईक मागे बसून मॅसेज टाईप करतं आणि मला सांगतं, "दादा, मोबाईल नको."

जुनाखोड: सगळं खापर स्क्रीनवर नको. सीटखाली पडलेली कॅसेट चाचपत मी एकदा कठड्याला गाडी घासलीय. रिव्हर्स कॅमेऱ्याला मात्र दंडवत.

धागाकर्ती: @श्टुटगार्टकर, २०२६ पासून युरो एनकॅप (गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणारी युरोपातली संस्था) वायपर, इंडिकेटर, हॉर्नला खरी बटणं नसतील तर गुण कापणार म्हणे. तोवर मी काचेच्या चित्राशेजारी, स्क्रीनच्या कडेला टिकली चिकटवली होती, बोटाला लागावी म्हणून. मग अपडेट आला. टिकली जागच्या जागी आहे, चित्र दुसरीकडे गेलंय.