मदत हवी आहे: नववीच्या मुलांकडून विज्ञानाचा ब्लॉग लिहून घ्यायचाय

नमस्कार मंडळी, मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोगवह्या तपासताना फार वाईट वाटतं, अख्ख्या वर्गाचं निरीक्षण शब्दाला शब्द सारखं, कारण सगळं गाईडातून उतरवलेलं. म्हणून दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारे पदार्थ) शिकवताना सांगितलं की घरी हळदीवर काय काय टाकून बघता येईल ते बघा आणि जे दिसेल ते आपल्या भाषेत लिहा. एका मुलीने लिहिलं, भाजीचा डाग पडलेल्या ओढणीला साबण लावला तर डाग लाल झाला, भरपूर पाण्यात धुतल्यावर परत पिवळा, आणि उन्हात वाळत घातली तर फिका पडला. खाली प्रश्न: "साबणाने गेलं नाही ते उन्हाने कसं गेलं?" साबण आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, म्हणून रंग बदलला हे धड्यात आहे, पण उजेडाने हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य तुटतं हे त्या प्रश्नामुळे वर्गात निघालं!

असं लिखाण वहीत पडून राहू नये, दुसऱ्या तुकडीने वाचावं, उलट प्रश्न विचारावेत, म्हणून वर्गाचा ब्लॉग काढायचाय. गुगलच्या ब्लॉगर साइटवर कमेंट आधी तपासून मग सोडता येतात, तेवढं बघून ठेवलंय. मुलांची वेगळी खाती न काढता माझ्याच खात्यावरून टाकणार, आडनाव नाही, फोटोत फक्त हात आणि परीक्षानळी. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ च्या आतले सगळे बालकच धरलेत, त्यामुळे पालकांची लेखी संमती घेणारच आहे, कुणाकडे मराठीत साधं सोपं संमतीपत्र असेल तर प्लीज द्या.

खरी अडचण चुकांची आहे. एकाने लिहिलंय, "लिंबू पिळल्यावर हळद पिवळीच राहिली म्हणजे लिंबू आम्ल नाही." हे मी आधीच दुरुस्त करून टाकू की तसंच टाकून मुलांनाच कमेंटमध्ये भांडू देऊ? मला वाटतं तसंच टाकावं, कुणीतरी जास्वंदीच्या रसाने किंवा निळ्या लिटमसने तपासून दाखवेल, मग त्याने स्वतः खाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी, मूळ वाक्य न खोडता. पण पालक म्हणतील बाई चुकीचं छापतात, त्यांना कसं समजवायचं?

आणि बऱ्याच घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. अशांचं हाताने लिहिलेलं पान फोटो काढून टाकलं तर चालतं का, की टाइप केलेल्यांपुढे ती मुलं मागे पडतात? ज्यांनी वर्गात हे खरंच चालवलंय त्यांनी सविस्तर सांगा, गुण कशाला देता तेही.