सोसायटी ग्रुप: ए ४०४ च्या आजींची सुट्टी

सोमवार

आजी (ए ४०४): नमस्कार मंडळी. पुण्याहून तिन्ही नातवंडं आली आहेत. थोरला १२ चा, मधली ९ ची, शेंडेफळ ५ चं. दोन आठवडे मुक्काम आहे. मी सांगतेय आणि मधली टाइप करतेय, तेव्हा चुका तिच्या. पोरांना कुठे कुठे न्यावं ते सुचवा. अट एकच, मलाही मजा आली पाहिजे. नुसत्या चपला सांभाळत बसणार नाही.

आजी (ए ४०४): चुका माझ्या नाहीत. आजी फार भरभर बोलते.

दादा (सी ३०१): आजी, पहिलं काम मिसळ! मखमलाबादकडे मळ्यातल्या मिसळीला जा. झोके असतात, मुलं खेळतात, तुम्ही निवांत खा.

डॉक्टर ताई (बी २०५): ५ वर्षांच्या मुलाला काळ्या मसाल्याची मिसळ?

दादा (सी ३०१): त्याला पापड, दही आणि जिलेबी. नाशिकची पोरं अशीच तयार होतात ताई. आधी जिलेबी, मग मटकी, तर्री एकदम मुंजीनंतर.

सेक्रेटरी: टँकर उद्या सकाळी ७ ला येईल. सी विंगने गाड्या हलवाव्यात.

काका (ए ४०३): मुलं आली, आनंद आहे. पण काल दुपारभर जिन्यात पकडापकडी चालू होती. माझी अंबडला रात्रपाळी असते, दुपारीच झोप मिळते. कृपया.

आजी (ए ४०४): बरोबर आहे भाऊ. उद्यापासून दुपारी २ ते ४ बैठे खेळ. शब्द दिला.

दादा (सी ३०१): सेक्रेटरी काका, टँकर कुठल्या गेटने?

मंगळवार

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली कोणी नेली आहे? रजिस्टरमध्ये सही नाही.

आजी (ए ४०४): माझ्याकडे आहे. कुरडया घालतेय. ३ दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, काल वाटून चीक बसवला. आज पहाटे शिजवला. तुम्ही झोपलेले होतात, सही कोणाच्या दारावर करू?

सेक्रेटरी: मावशी, तसं नाही. मागे एक प्लास्टिक उडून सोलरवर बसलं होतं, म्हणून विचारलं.

आजी (ए ४०४): प्लास्टिक नाही, जुनी नऊवारी अंथरली आहे. चार कोपऱ्यांना चार विटा. राखणीला थोरला, हातात काठी, डोक्याला पंचा. कबुतरं यायची हिंमत करत नाहीत.

डॉक्टर ताई (बी २०५): आजी, सोऱ्या तुम्ही दाबलात? मागच्याच महिन्यात खांदा दाखवायला आला होतात.

आजी (ए ४०४): सोऱ्या सूनबाईने आणि थोरल्याने दाबला. मी फक्त "गोल, गोल, अरे गोल" एवढंच करत होते. धाकट्याने एक कुरडई सापासारखी घातली आहे, ती वेगळी ओळखू येते.

आजी (ए ४०४): मी लिहितेय, मधली. चीक भारी लागतो. गरम गरम, वरून तूप आणि साखर. आमच्या थोरल्या दादाने तिखट-तेल घालून खाल्ला. पुण्यात आम्हाला फक्त तळलेली कुरडई माहीत होती.

काकू (बी १०२): वहिनी, चीक उरला असेल तर वाटी पाठवा.

आजी (ए ४०४): उरत नसतो काकू. तीन पोरं आहेत घरात.

ताई (बी ३०४): वाचून बरं वाटतंय, पण खरं सांगू? आमच्या सासूबाई मे महिन्यात नातवंडांसाठी इतक्या राबतात की जूनमध्ये आठवडाभर अंथरुणाला खिळतात. श्रीखंड घरचं, पोळ्या गरम, प्रत्येकाच्या आवडीची भाजी वेगळी. मी म्हणते बाहेरून आणू, तर त्यांना राग येतो. तुम्ही कसं जमवता?

आजी (ए ४०४): मीही तेच करायचे गं. मुलीची मुलं लहान होती तेव्हा पूर्ण सुट्टी ओट्याशी उभी. त्या पोरांना माझ्या हातची चव पाठ आहे, पण माझ्याबरोबर खेळल्याचं एकालाही आठवत नाही. आता ती कॉलेजात गेली.

आजी (ए ४०४): म्हणून यंदा पोळ्यांच्या मावशींना दोन्ही वेळची भाजीपण सांगून टाकली. दोन आठवड्यांचे जास्तीचे पैसे माझ्या पेन्शनीतून. मी गॅससमोर उभी राहिले की पोरं मोबाईलला चिकटतात, आणि मी जमिनीवर बसले की आपोआप येऊन मांडीला टेकतात. मग मी कुठे असावं, तूच सांग.

ताई (बी ३०४): पण त्यांना वाटतं, स्वयंपाक सोडला तर घरात आपलं काय काम.

आजी (ए ४०४): तिला माझ्याकडे पाठव. दुपारी २ ला. खेळायला एक भिडू कमीच पडतो.

सून (ए ४०४): मी इथे लग्न होऊन आले तेव्हापासून समजत होते की आई रात्री १० ला झोपतात. काल ११.३० ला चौघं अंधारात भुताच्या गोष्टी सांगत होती आणि सगळ्यात मोठ्याने किंचाळत होत्या त्या आईच. माझी सकाळी ९ ला मीटिंग होती, ती मी कशीबशी उरकली, ते असो.

काका (ए ४०३): आज दुपारी शांतता होती. धन्यवाद.

बुधवार

आजी (ए ४०४): दुपारचं सांगते. चल्लस-आठ मांडला. खडूने २५ घरं, मधल्या घरावर आणि चार कडांना फुल्या, ४ चिंचोके एका बाजूने घासून पांढरे केलेले. चारही पांढरे पडले की चल्लस, चारही काळे पडले की आठ. पोरांना तासाभरात सगळं जमलं. बी ३०४ च्या सासूबाई आल्या होत्या. बाई पक्की खेळाडू निघाली. माझ्या तीन सोंगट्या मारल्या!

थोरला (आजींच्या फोनवरून): आजी रडीचा डाव खेळते. चिंचोका उडून सोफ्याखाली गेला की म्हणते पांढराच पडला होता.

आजी (ए ४०४): समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही, आमच्याकडे असाच नियम आहे. थोरल्याला तो मान्य नाही. पुण्याचे नियम पुण्यात.

काकू (बी १०२): आमच्याकडे सिन्नरलाही मारल्याशिवाय आत जाऊ देत नसत. थोरले राजे, हरलात.

दादा (सी ३०१): हा मेसेज डिलीट करण्यात आला

डॉक्टर ताई (बी २०५): आजी, जमिनीवरून उठताना भिंतीला धरून उठा. एकदम नको.

आजी (ए ४०४): उठताना मला तिघं मिळून ओढतात. तो वेगळा खेळ आहे.

काकू (बी १०२): वहिनी, मुलांना अजून पांडवलेणीला नेलं नाही का? आपल्या फाट्यावरून डोंगर समोर दिसतो आणि सोसायटीतली निम्मी मुलं वर गेलेली नाहीत. मी शाळेत इतिहास शिकवायचे, तर थोडं लांबवते, सहन करा.

नाव पांडवलेणी असलं तरी पांडवांचा संबंध नाही, ही बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली लेणी. एकूण २४. त्यातलं तिसरं नीट बघायचं. त्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख कोरला तेव्हा राज्य तिच्या नातवाचं होतं, वाशिष्ठीपुत्र पुळुमावीचं, त्याच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष. म्हणजे साधारण १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. तिने मुलाचं कौतुक भरभरून केलंय. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक-यवन-पह्लवांना हरवलं, आणि आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही, हेही त्यात घालायला ती विसरली नाही. पुढे लेणं दान देताना स्वतःची ओळख कशी करून देते? महाराजाची आई आणि महाराजाची आजी. राजाची आजी म्हणून स्वतःला दगडात कोरून घेणारी बाई आपल्या घरासमोरच्या डोंगरावर आहे, आणि आपण तिथे फक्त सेल्फी काढायला जातो.

दादा (सी ३०१): काकू, एवढं शाळेत सांगितलं असतंत तर मी इतिहासात पास झालो असतो.

काकू (बी १०२): सांगितलं होतं. तू शेवटच्या बाकावर डबा खात होतास.

आजी (ए ४०४): मी रोज गच्चीवरून हा डोंगर बघते आणि मला हे माहीत नव्हतं. उद्याच जायचं. पायऱ्यांचं काय?

डॉक्टर ताई (बी २०५): पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्याचा पट्टा बांधून थोड्या चढा, पुढे हट्ट करू नका. आणि मे महिना आहे, ९ च्या आत खाली या.

दादा (सी ३०१): सकाळी मी नेतो मुलांना. आजी मध्येच सावलीत बसतील. लहान मुलांना तिकीट नाही, मोठ्यांचं आहे, माझं मी काढतो.

गुरुवार

आजी (ए ४०४): जाऊन आलो. मी साधारण पाव जिना चढले आणि झाडाखाली बसले. वर जाणारे सगळे विचारत होते, आजी, दमलात का? मी म्हटलं नाही, तिकीट तपासायला बसलेय. दोघांनी खरंच तिकीट दाखवलं.

आजी (ए ४०४): मधली आता लिहिणार आहे.

आजी (ए ४०४): तिसऱ्या लेण्याच्या खाली दगडात सहा जाडे लोक कोरलेत. त्यांनी अख्खं लेणं खांद्यावर उचलून धरलंय, पालखीसारखं. आमच्या थोरल्या दादाने अक्षरांचा फोटो काढला पण आम्हाला एकही वाचता आलं नाही. आपला छोटू सगळ्या खोल्यांमध्ये जाऊन बघत होता. विचारलं तर म्हणाला, राजाची आजी कुठे बसते?

काकू (बी १०२): वा! एवढ्यासाठी तरी माझी नोकरी वाया गेली नाही म्हणायचं.

सून (ए ४०४): घरी आल्यापासून छोटू स्वतःला महाराज म्हणवून घेतोय. महाराज दूध पीत नाहीत म्हणे.

शनिवार

सेक्रेटरी: महापालिकेकडून उद्या पाणी कमी दाबाने. टाकी भरून ठेवावी.

आजी (ए ४०४): काल संध्याकाळी गोदाघाटावर गेलो होतो. रामकुंडावर गर्दी होती, म्हणून आम्ही दुतोंड्या मारुतीजवळ बसलो. धाकट्याला मारुतीला दोन तोंडं कशी हेच कळेना. त्याला सांगितलं, आम्ही नाशिककर पूर मारुतीवरून मोजतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याशी पाणी. रेडिओच्या आधी ही बातमी गावभर जायची.

१९६९ च्या पुराच्या वेळी मी नवी नवरी होते. पंचवटीत दोन खोल्यांत नऊ माणसं. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सासूबाईंनी आधी देव उचलले, मग पिठाचा डबा, आणि मला म्हणाल्या तू लोणच्याची बरणी धर, पडली तर घरी येऊ नकोस. रात्रभर शेजारच्या माडीवर बरणी मांडीत घेऊन बसले. भीती पुराची नव्हती. थोरला म्हणाला, आजी, तू फोटो काढलास का? मी म्हटलं, बाळा, फोटो काढायचा तर लग्नात काढून झाला होता.

ताई (बी ३०४): बरणी वाचली का?

आजी (ए ४०४): वाचली. लोणचं खारट झालं होतं, ते सासूबाईंनीच केलेलं, त्यामुळे कोणी बोललं नाही.

दादा (सी ३०१): २००८ ला सराफ बाजारात पाणी आलं तेव्हा माझ्या बाबांची स्कूटर गेली. ती गोष्ट ते अजून प्रत्येक पावसाळ्यात सांगतात, पण त्यात लोणचं नाही म्हणून कोणी ऐकत नाही.

रविवार

आजी (ए ४०४): मंगळवारी सप्तशृंग गडावर जायचं ठरतंय. एसटीने. मी ७६ ची, एसटीत मला तिकीट शून्य. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना फुकट आहे. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ते मी जपून ठेवते. पोरांना अर्धं, सूनबाईलाही अर्धं. थोरल्याला हे पटत नाही की सगळ्यात जास्त पैसे असलेल्या माणसाला तिकीट नाही.

सेक्रेटरी: मावशी, आधार कार्ड जवळ ठेवा. आणि ही सवलत एसटीची आहे, शहर बसमध्ये तसं समजून बसू नका.

डॉक्टर ताई (बी २०५): गडावर पायऱ्या नको हं.

आजी (ए ४०४): वरपर्यंत ट्रॉली आहे ना आता. रुळावरून चढते. पोरांना देवीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त असणार, मला माहीत आहे. देवीचे १८ हात मोजायचं काम मधलीला दिलंय. गर्दीत पुढे ढकलायच्या आत मोजून झाले पाहिजेत.

काका (ए ४०३): मंगळवारी माझी सुट्टी आहे. म्हणजे दुपारी इमारत रिकामी असणार. फार छान.

दादा (सी ३०१): काका 😄

आजी (ए ४०४): भाऊ, झोपा पोटभर. बुधवारपासून पुन्हा आहोतच.

ताई (बी ३०४): आजी, आमच्या सासूबाई विचारताहेत, गडावर एक जागा आहे का? सकाळपासून तीनदा विचारून झालं. डब्याचं मी बघते म्हणाल्या, मी म्हटलं आधी आजींना विचारते.

आजी (ए ४०४): जागा आहे. डबा नाही. तिला म्हणावं स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर नेणार नाही. गडाखाली नांदुरीला थांबू आणि भजी खाऊ. काकडी आणि पाण्याच्या बाटल्या थोरला उचलेल. सकाळी ६ ला गेटशी, ६ म्हणजे ६. आणि खिडकीची जागा माझी. ज्याला पाहिजे त्याने पुढच्या बसने यावं.